युद्धानंतरची भरभराट कारखान्याच्या दारातून कशी वाचावी

"युद्धोत्तर काळात औद्योगिकीकरणामुळे झपाट्याने आर्थिक विकास झाला." हे वाक्य मी इतक्या वह्यांत वाचलंय की आता ते दिसलं की माझा हात आपोआप समासाकडं जातो. समासात मी तीनच प्रश्न लिहितो. कुठला कारखाना? काय बनवत होता? घेतलं कुणी?

माझी ओळख थोडक्यात. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं मशीन शॉप. आण्णा, म्हणजे माझे वडील, टर्नर. मी दिवसा लेथवर उभा राहून आणि रात्री पुस्तक धरून अर्थशास्त्रात बी.ए. केलं. मुलानं आता काम शिरोली एमआयडीसीत नेलंय, जुनी शेड माझ्याकडं राहिली. खाली दोन लेथ अजून चालतात. वर माळ्यावर संध्याकाळी स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी अभ्यासाला बसतात. मी काही मास्तर नव्हे. पण जगाच्या इतिहासातला दुसऱ्या महायुद्धानंतरचा, १९४५ ते १९७३ हा तुकडा आला की ती "काका, हे जरा सांगा की" म्हणत खाली येतात, कारण त्यात कारखाने येतात. त्यांना जे सांगतो तेच इथं लिहून ठेवतोय. पद्धत साधी आहे: एक वस्तू धरायची आणि तिच्या मागं मागं जायचं.

देश नको, वस्तू निवडा

"जर्मनीचा आर्थिक चमत्कार" म्हटलं की डोळ्यांपुढं काहीच येत नाही. स्कूटर म्हटलं की येते. म्हणून जिला हात लावता येतो, जिचे भाग मोजता येतात अशी वस्तू घ्या. शिलाई मशीन चालेल, ट्रान्झिस्टर चालेल, ट्रक चालेल. "पोलाद" घेऊ नका, ते वाटेत आपोआप भेटतं.

माझी आवडती वस्तू व्हेस्पा. आण्णांकडं बजाजची जुनी स्कूटर होती, आणि बजाजनं १९६० च्या सुमारास इटलीच्या पियाज्जिओकडून परवाना घेऊन जी गाडी बनवायला सुरुवात केली ती व्हेस्पाच. ती स्कूटर अजून शेडच्या कोपऱ्यात उभी आहे. पोरांना मी तिच्या पुढच्या चाकापाशी बसवतो आणि विचारतो, मोटरसायकलपेक्षा काय वेगळं दिसतंय? पाच-दहा मिनिटं जातात. मग कुणीतरी म्हणतं, चाक एकाच बाजूनं धरलंय. मोटरसायकलीला दोन्हीकडून फोर्क, हिला एकच पाय.

तो पाय विमानाचा आहे. पियाज्जिओ युद्धात विमानं बनवत होती. पोंतेदेराचा तिचा कारखाना बॉम्बहल्ल्यात मोडला, युद्ध संपलं, आणि लढाऊ विमानं घ्यायला दारात कुणी उभं राहीना. हातात उरले पत्रा वाकवणारे कामगार आणि कोर्रादिनो दास्कानिओ नावाचा विमानांचा अभियंता. त्याला सांगितलं, लोकांना परवडेल अशी दुचाकी कर. त्याला मोटरसायकल मुळात आवडायची नाही म्हणतात. त्यानं विमानाच्या चाकाची मांडणी गाडीला लावली आणि वेगळा सांगाडा न देता पत्र्याच्या अंगालाच भार घ्यायला लावलं. १९४६ ला गाडी बाजारात आली. १९५६ ला दहा लाखावी व्हेस्पा बाहेर पडली.

(याच इटलीत, १० जुलै १९४४ ला, वरच्या टायबर खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे एकट्यानं मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यानंतर दोन वर्षांच्या आत त्याच देशात स्कूटर विकली जात होती. पोरांना हे सांगितलं की तारखा डोक्यात बसतात, म्हणून सांगतो.)

आता वही आडवी धरा. उजव्या टोकाला स्कूटर काढा आणि डावीकडं बाण ओढायला लागा. स्कूटरच्या मागं पत्रा. एवढा सपाट, एकसारखा पत्रा कुठून? इटलीत जेनोव्हाजवळ कॉर्निल्यानो इथं समुद्रकाठी पोलादाचा मोठा कारखाना पन्नाशीच्या दशकात उभा राहिला. त्यामागं ऑस्कर सिनिगाल्या यांची योजना होती, आणि अमेरिकन यंत्रसामग्रीला मार्शल योजनेतून (युद्धानंतर अमेरिकेनं युरोपला दिलेली मदत) पैसा आला. त्यातला पत्रा मोटारींना गेला, घरातल्या यंत्रांना गेला. पोलादाच्या मागं इंधन. इटलीत म्हणावा तसा कोळसा नाही, पण पो नदीच्या खोऱ्यात नैसर्गिक वायू सापडला. सरकारी तेल-वायू कंपनीचे प्रमुख एन्रिको मात्तेई यांनी त्याच्या नळवाहिन्या उत्तरेच्या कारखान्यांपर्यंत नेल्या. हा झाला डावीकडचा भाग. मग स्कूटरच्या उजवीकडं बाण ओढा: लांबच्या कामावर जाणारा कामगार, गॅरेज, पेट्रोल पंप, पंक्चरवाला.

बाणांची ही साखळी कागदावर उतरली की "औद्योगिकीकरण" हा शब्द न वापरताही अर्धं उत्तर झालेलं असतं.

साखळी कुठं अडली होती ते हुडका

ही पायरी पोरं सोडून देतात, आणि खरी मेख इथंच आहे.

आण्णांच्या काळात पिग आयर्न (कच्चं लोखंड) आणि हार्ड कोक (भट्टीचा कोळसा) कोट्यावर मिळायचा. कागद, परवाना, मग वॅगन. आमच्या शेजारच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, एकदा कोकची वॅगन आलीच नाही. पॅटर्न तयार, कोअर तयार, मोल्ड, म्हणजे मातीचे साचे, भरून ओळीनं मांडलेले, मोल्डर बिड्या ओढत बसलेले. बारा दिवस. मोल्डमधली माती सुकली आणि कडा ढासळायला लागल्या. शेवटी सगळे फोडून पुन्हा भरावे लागले. मी तेव्हा शाळेत होतो, पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. कारखान्यात शंभर गोष्टी तयार असून चालत नाही. जी एक नसते, ती बाकीच्या नव्व्याण्णव बसवून ठेवते.

आता १९४६ चा जपान बघा. कारखाने आहेत, कामगार आहेत. कोळसा नाही म्हणून पोलाद नाही, आणि खाणीला पोलाद मिळत नाही म्हणून कोळसा वाढत नाही. कुत्रं आपल्याच शेपटीमागं फिरावं तसं. जपान सरकारनं डिसेंबर १९४६ मध्ये ठरवलं की आहे ते तेल पोलादाला द्यायचं, आलेलं पोलाद खाणींना द्यायचं, वाढलेला कोळसा पुन्हा पोलादाला. बाकीच्यांनी थांबायचं. अग्रक्रमाचं उत्पादन म्हणून हे धोरण ओळखलं जातं. त्यातून महागाई भडकली, ती आवरायला १९४९ मध्ये अमेरिकन बँकर जोसेफ डॉज यांना सरकारी खर्चाला कात्री लावून कडू काढा पाजावा लागला आणि येनचा दर डॉलरला ३६० असा बांधला गेला. पण चाक फिरायला लागलं होतं.

जर्मनीतही तेच शोधा. आपल्याला वाटतं बॉम्बनी तिथं एकही यंत्र शिल्लक ठेवलं नसेल. घरं गेली, पूल गेले, रेल्वे आणि कालवे तुटले, हे खरं. यंत्रं मात्र ढिगाऱ्याखाली बरीच शाबूत होती. लेथचा बेड म्हणजे मणामणाचं बीड, ओतीव लोखंड. त्यावर छप्पर पडलं तर छप्पर फुटतं. वोल्फ्सबुर्गच्या फोक्सवॅगन कारखान्याचं असंच झालं. छप्पर उडालं, पण यंत्रं वाचली. ब्रिटिश सैन्याचे मेजर आयव्हन हर्स्ट यांनी तो ताब्यात घेऊन चालू केला, आणि पहिली मोठी ऑर्डर दिली ती ब्रिटिश लष्करानंच, वीस हजार गाड्यांची. १९५५ ला त्याच कारखान्यातून दहा लाखावी गाडी निघाली. म्हणजे रुहरचा कोळसा आणि तो वाहून नेणारी रेल्वे, ही अडलेली जागा होती. लेथ नव्हे.

आणि नोटा. जर्मनीत १९४८ च्या जूनपर्यंत जुन्या पैशाला कुणी हात लावत नव्हतं. सिगारेटवर व्यवहार चालायचे. २० जूनला डॉइचमार्क आला, तिथले अर्थप्रशासनाचे प्रमुख लुडविग एरहार्ट यांनी पाठोपाठ बऱ्याच वस्तूंचे भाव मोकळे केले, आणि काल रिकामी असलेली दुकानं भरलेली दिसायला लागली. माल एका रात्रीत बनला नव्हता. तो मागच्या खोलीत होता. आमच्या पोरांना हे पटकन कळतं, कारण त्यांनी नोटबंदी पाहिलीय. फक्त दोन्ही गोष्टी एकच समजू नका. तिथं भावही मोकळे केले होते.

पैशाच्या बाणाला जाड करू नका

इथं माझी एक चूक सांगतो. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी ठोकून सांगायचो, "अमेरिकेनं मार्शल योजनेत पैसा ओतला आणि जर्मनी उभा राहिला." ऐकायला छान वाटतं. एकदा कागलकडची एक मुलगी आकडे घेऊन आली. म्हणाली, "काका, १९४८ ते ५२ मध्ये सगळ्या देशांना मिळून सुमारे १३ अब्ज डॉलर गेले, त्यात सगळ्यात जास्त ब्रिटनला, मग फ्रान्सला. जर्मनीला त्यांच्यापेक्षा कितीतरी कमी. मग ब्रिटन का नाही पळाला?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. चहा मागवला आणि वेळ मारून नेली. रात्री पुस्तकं काढली.

त्या पैशानं काय घेतलं ते बघितल्यावर उलगडा झाला. डॉलर असेल तरच मिळेल असा माल त्यातून आला: गहू, कापूस, कोळसा, यंत्रं. म्हणजे तो पैसा अडलेली वॅगन सोडवणारा होता. वॅगन सुटली म्हणजे ओतकाम चांगलं होतंच असं नाही. ते मोल्डरच्या हातावर. म्हणून वहीत मार्शल योजनेचा बाण बारीक ओढा आणि तो वस्तूकडं न नेता अडलेल्या जागेकडं न्या.

ब्रिटनबद्दलचं एक उत्तर मला अर्थतज्ज्ञ निकोलस कॅल्डॉर यांच्याकडं सापडलं. १९६६ साली केंब्रिजमध्ये त्यांनी ब्रिटनच्या मंद वाढीवर व्याख्यान दिलं. म्हणणं असं: कारखानदारी जितकी वेगानं वाढते तितकी तिची दर माणशी उत्पादकताही वाढते आणि बाकी अर्थव्यवस्थेला ओढते, पण कारखान्याला वाढायला शेतातून माणसं यावी लागतात, आणि ब्रिटनच्या शेतात तेव्हा फारशी माणसंच उरली नव्हती. इटली, जपान, फ्रान्स, जर्मनी यांच्याकडं होती. सगळं यातच आलं असं मी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये जुनी यंत्रं, जुने मालक, पौंडाची चिंता असं बरंच होतं. पण हा धागा धरून पुढं जाता येतं.

हात कुठून आले आणि ते काय शिकले

उत्पादनाबरोबर उत्पादकता वाढते, हे डच अर्थतज्ज्ञ फेरडोर्न यांनी १९४९ मध्ये मांडलं. आमच्या शेडमध्ये ते कुणीही सांगेल. इंजिनच्या लायनरचं काम पहिल्यांदा आलं तेव्हा मी दिवसाला चार करत होतो, आणि त्यातलाही एक बाद. सहा महिन्यांत अकरा व्हायला लागले. लेथ तोच, मी तोच. फक्त कुठला टूल कधी घासायचा, जॉब कसा पकडला की थरथरत नाही, हे हाताला कळलं होतं. दुसरी ऑर्डर आलीच नसती तर हे कळलं नसतं. मोठी मागणी कारखान्याला नफा देते हे सगळे लिहितात. ती कारखान्याला शिकवते, हेही लिहा.

जपानची दोन उदाहरणं मी नेहमी देतो. सोइचिरो होंडा युद्धापूर्वी पिस्टन रिंगा बनवायचे. युद्धानंतर लष्कराच्या वायरलेस संचांची वीज तयार करणारी छोटी इंजिनं भंगारात पडलेली त्यांना मिळाली. ती त्यांनी सायकलींना बसवून विकली, संपल्यावर स्वतःची इंजिनं केली. १९५८ मध्ये सुपर कब आली. दुसरं निकॉनचं. युद्धात दुर्बिणी आणि नेमबाजीची भिंगं घासणारे हात नंतर कॅमेऱ्याची भिंगं घासू लागले. इथं कोल्हापूरकरानं छाती जरा फुगवायला हरकत नाही, कारण आपल्याकडं बाबूराव पेंटरांनी पहिल्या महायुद्धाच्या काळातच सिनेमाचा कॅमेरा गावातल्या गावात तयार करून घेतला होता. त्या खटपटीतून, गाड्यांच्या दुरुस्तीतून, इंजिनांच्या सुट्या भागांतून इथले मेस्त्री तयार झाले. आमच्या उद्यमनगरात "हे आपल्याला जमंल की" हे वाक्य त्यामुळं फार ऐकू येतं. कधी कधी न जमणाऱ्या कामातही ऐकू येतं, ते सोडा.

मग डेमिंग. १९५० साली अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग जपानमध्ये गेले आणि त्यांनी तिथल्या अभियंत्यांना आणि मालकांना सांगितलं की शेवटी माल तपासून खराब वेगळा काढण्यापेक्षा खराबी जिथं जन्मते तिथं आकडे ठेवा. याची किंमत मला आमच्याच कामावरून कळली. एका मोठ्या गिऱ्हाईकाकडून आमचा एक अख्खा लॉट परत आला. वरून चकचकीत, मशीनिंग केल्यावर आत ब्लोहोल, म्हणजे हवेच्या पोकळ्या. आम्ही मोल्डरला बोललो, मोल्डर भट्टीवाल्याला बोलला, भट्टीवाला भंगाराला. तीन आठवडे भांडण. शेवटी ज्या फाउंड्रीतून कास्टिंग (ओतलेले भाग) घ्यायचो तिथं एक फळा टांगला आणि रोज सकाळी मातीतला ओलावा मोजून लिहायला सुरुवात केली. पावसाळी दिवसांत आकडा वर आणि रिजेक्शनही वर, असं दोन महिन्यांत डोळ्यांनी दिसलं. मोल्डरचा दोष नव्हताच. जपानमध्ये हा फळा हजारो कारखान्यांत लागला, १९५१ पासून डेमिंगच्या नावानं पारितोषिकही सुरू झालं. "गुणवत्ता सुधारली" असं परीक्षेत लिहू नका. फळा लिहा.

आता हात कुठून आले. पश्चिम जर्मनीत पूर्वेकडून हाकललेले लाखो जर्मन निर्वासित आले. पन्नासच्या जनगणनेत ते ऐंशी लाखांच्या घरात होते. त्यानंतर पूर्व जर्मनीतून लोक येत राहिले, ते ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहीपर्यंत. शिवाय १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी कामगारांचे करार झाले. दहा लाखावा पाहुणा कामगार १९६४ मध्ये कोलोनला उतरला. तो पोर्तुगीज होता आणि त्याला स्वागताला मोपेड दिली. इटलीत दक्षिणेचे शेतकरी तुरिनच्या मोटार कारखान्यात गेले.

हे लांबचं वाटत असेल तर गांधीनगरला जाऊन या. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसांची. ती गेल्यावर त्याच बराकींत फाळणीनंतर आलेले सिंधी राहिले आणि आज तिथं कपड्याची घाऊक बाजारपेठ आहे. निर्वासित म्हटलं की आपण खर्चाच्या रकान्यात लिहितो. जर्मनीच्या वहीत त्यांना हातांच्या रकान्यात लिहावं लागतं. घर-दार गेलेला माणूस मिळेल त्या गावी, मिळेल त्या कामाला जातो. आमच्याकडं पन्हाळ्याकडून, शाहूवाडीकडून सायकलीला भाकरी बांधून येणारी पोरं काही वेगळी नव्हती.

घेतलं कुणी?

हा प्रश्न मी शेवटी ठेवतो, पण मार्क यालाच मिळतात.

आधी इथलं सांगतो, कारण ते मी पाहिलंय. आमच्या भागात तेल इंजिनाचा धंदा चालला तो उसामुळं. विहिरीवर मोट, मोटेला बैल, दिवसभरात भिजणार थोडंसं रान. इंजिन बसलं की तेच पाणी काही तासांत. ऊस वाढला, गुऱ्हाळं वाढली, गुळाचा पैसा शाहूपुरीच्या पेठेत आला आणि तिथून दोन फर्लांगांवर आमच्या उद्यमनगरात. आण्णा सांगायचे, गुळाला भाव बरा लागला की आठवड्याभरात शेतकरी फ्लायव्हीलवर हात फिरवत शेडमध्ये उभा. शेतकऱ्याच्या खिशात पैसा नसता तर आमच्या लेथला काम नसतं.

जपानमध्ये १९४६ नंतर जमीन सुधारणा झाली, कुळं मालक झाली. पुढं त्याच शेतकऱ्यांनी पॉवर टिलर घेतले. अमेरिकेत फेब्रुवारी १९४२ पासून खासगी मोटारींचं उत्पादन बंद होतं. माणसं कामावर होती, पगार मिळत होता, घ्यायला गाडी नव्हती, पैसा रोख्यांत साठला. युद्ध संपताच तो दारावर आला. १९५० मध्ये जनरल मोटर्स आणि मोटार कामगारांच्या संघटनेत पाच वर्षांचा करार झाला: पगार महागाईबरोबर आणि उत्पादकतेबरोबर वाढणार. जो गाडी बनवतो तोच ती घेणार, अशी सोय.

आणि कधी गिऱ्हाईक दुसऱ्याच्या लढाईतून येतं. १९५० मध्ये टोयोटा बुडायच्या बेतात होती. संप झाला, किइचिरो टोयोडा यांनी अध्यक्षपद सोडलं. त्याच जूनमध्ये कोरियात युद्ध पेटलं आणि अमेरिकन सैन्यानं ट्रकच्या ऑर्डरी दिल्या. कंपनी तरली. एका देशाची भरभराट शेजारच्या देशाच्या राखेवर सुरू झाली, हे लिहिताना हात थोडा जड व्हायला हवा. पण लिहा, ते खरं आहे.

टक्के वाचताना

दोन गोष्टी सांभाळा. खड्ड्यातून वर येणं वेगळं आणि डोंगर चढणं वेगळं. पश्चिम जर्मनीचं औद्योगिक उत्पादन १९५० मध्ये १९३६ ची पातळी ओलांडून गेलं. त्याआधीचे मोठमोठे टक्के खड्ड्यातले आहेत. १९५० नंतरचे मोजा, त्यात भरभराट आहे.

दुसरं, ७२ ला टक्क्यानं भागा म्हणजे दुप्पट व्हायला किती वर्षं ते कळतं. जपान १९५५ ते १९७३ या काळात वर्षाला सरासरी नऊ-दहा टक्क्यांनी वाढला. म्हणजे सात-आठ वर्षांत दुप्पट. पंतप्रधान इकेदा यांनी १९६० मध्ये दहा वर्षांत उत्पन्न दुप्पट करण्याची योजना मांडली तेव्हा लोकांना ती थाप वाटली असेल. ती मुदतीच्या आधी पुरी झाली. आपण त्या काळात साडेतीन टक्क्यांच्या आसपास होतो, म्हणजे वीस वर्षं. भिलाई, राउरकेला, दुर्गापूर उभं राहिलं, आमच्याकडं भिलाईचं पिग आयर्न यायला लागलं, हे कमी नव्हतं. पण आपण डाव्या टोकाचं पोलाद आधी केलं. उजव्या टोकाच्या स्कूटरसाठी माणसं वर्षानुवर्षं नंबर लावून बसली. आण्णांची गाडी आली तेव्हा पेढे वाटले होते.

एक रकाना समासात ठेवा: भोगलं कुणी

जपानमध्ये मिनामाता खाडीकाठच्या रासायनिक कारखान्याचा पारा समुद्रात जात होता. मासे खाणाऱ्यांचे हातपाय वाकडे झाले. आजाराची अधिकृत नोंद १९५६ ची आणि कारण सरकारनं मान्य केलं १९६८ ला. मधली बारा वर्षं उत्पन्न वाढतच होतं. पंचगंगेत मेलेले मासे तरंगताना आपण पाहिलेत, तेव्हा फार लांब बघायची गरज नाही. आमच्या गल्लीतले एक फेटलिंगवाले, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करणारे, मेस्त्री साठीच्या आत गेले. वाळूची धूळ. त्यांच्या खोकल्यावरून आम्ही शिफ्ट सुरू झाली का ते ओळखायचो.

भरभराट थांबली कधी, यावर जास्त वेळ घालवू नका. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी डॉलर सोन्यापासून तोडला, म्हणजे डॉलरच्या बदल्यात ठरल्या भावानं सोनं द्यायचं थांबवलं, ऑक्टोबर १९७३ नंतर काही महिन्यांत तेल चौपट महाग झालं. एवढं पुरतं.

आता तुम्ही करून बघा

सुट्टीच्या दिवशी उद्यमनगरात या, पण भट्टीचा दिवस असेल तर अंतर ठेवून उभे राहा आणि नायलॉनचे कपडे घालून येऊ नका, ठिणगी उडते. जुनं तेल इंजिन दिसलं की त्याची पाटी वाचा: अश्वशक्ती, फेरे, गावाचं नाव. ज्याचं असेल त्याला विचारा, हे कुणी घेतलं, कशाच्या पैशानं, बिघडलं तर कोण बघायचं. तिथून डावीकडं बाण काढत सुटा.

मागच्या महिन्यात त्याच कागलच्या मुलीच्या धाकट्या भावानं आमच्या स्कूटरची बाणांची साखळी कागदावर काढली. पत्र्याकडून पोलादाकडं, पोलादाकडून कोळशाकडं नीट गेला. मग टायर राहिला म्हणाला. टायरच्या मागं रबर, रबराच्या मागं मलाया. तो देश १९५७ पर्यंत ब्रिटिशांच्या ताब्यात होता, आणि तिथलं रबर आणि कथील विकून ब्रिटनला डॉलर मिळत होते. त्यानं पेन्सिल थांबवली. "काका, हा बाण कुठल्या रकान्यात काढू? हातांच्या का भोगलेल्यांच्या?"

दोन्हीकडं काढ म्हटलं. कागद पुरला नाही, म्हणून त्यानं खाली पान चिकटवलंय. ते अजून लेथच्या टूलबॉक्सवर आहे, ग्रीसचे डाग पडलेत.